निबंध क्रमांक १७: एका शिष्यवृत्ती स्पर्धेचं प्रकरण

गावाचं, मंडळाचं, मुलांचं नाव या लेखात कुठेही येणार नाही. रत्नागिरी तालुक्यातलं खाडीकाठचं, हापूसच्या बागांचं एक गाव, एवढी ओळख पुरे. तीन परीक्षकांपैकी एक मी होतो. तेव्हा हे लेखन तटस्थ आहे असं मी म्हणणार नाही. मी कुठे घसरलो तेही पुढे येईल.

विषय कुठून आला

गावचं मुंबईत मंडळ आहे. गणपतीला आणि शिमग्याला गाड्या भरून येणाऱ्या चाकरमान्यांचं. दरवर्षी अकरावीतल्या तीन मुलांना ते शिष्यवृत्ती देतं: वर्षाला १०,००० रुपये, दोन वर्षं. निवड निबंध स्पर्धेतून. आतापर्यंतचे विषय ‘माझा गाव, माझा अभिमान’ या जातीचे. गेल्या वर्षी अध्यक्षांची न्यू जर्सीत शिकणारी नात तिथल्या एका शिष्यवृत्तीसाठी निबंध लिहीत होती. ‘रेस’ आणि ‘इमोशनल इंटेलिजन्स’ असा विषय. अध्यक्षांना तो भारदस्त वाटला. ऑगस्टमध्ये ज्युनिअर कॉलेजच्या फलकावर कागद लागला: ‘वंश आणि भावनिक बुद्धिमत्ता’. खाली ठळक अक्षरांत एक सूचना होती: ‘निबंधात जात, धर्म व राजकारण यांचा उल्लेख टाळावा.’

ही सूचना वाचून मी हसलो होतो आणि मग पुढचा महिनाभर गप्प बसलो. तेव्हाच फोन करायला हवा होता. ज्या भाषेत जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ते पुस्तक अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्या भाषेतल्या मुलांना आपण सांगतोय की वंशावर लिहा, पण जातीचं नाव काढू नका. आमच्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचं मूळ गाव. आता, जात म्हणजे वंश नव्हे हे त्यांनी स्वतःच १९३६ सालच्या जातिनिर्मूलनाच्या, लिहिलेल्या पण न झालेल्या भाषणात बजावलं होतं: पंजाबातल्या ब्राह्मणाचं आणि मद्रासच्या ब्राह्मणाचं वांशिक नातं काय, असा त्यांचा सवाल होता. पण त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. म्हणजे दोन्ही एक नाहीत, आणि एकमेकांना बाजूला ठेवून दोन्ही समजतही नाहीत. मंडळाला यातलं काही नको होतं. वाद नको, एवढंच हवं होतं.

निबंध आले ४३. त्यातले ११ ‘वंशाचा दिवा’ या विषयावर. मुलगाच हवा हा हट्ट कसा वाईट, मुलगीही वंश कसा चालवते, आजीच्या भावना कशा समजून घ्याव्यात. मुलांचा दोष नाही. घरात ‘वंश’ हा शब्द याच एका अर्थाने ऐकू येतो. बाकी वंशवेल, वंशावळ आणि भांडण पेटलं की निर्वंश. आणखी २४ निबंधांत तीच माणसं, त्याच क्रमाने: ७ जून १८९३ ला पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर उतरवलेले गांधीजी, १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स, मग मंडेला, मग २५ मे २०२० चा मिनिआपोलिसचा जॉर्ज फ्लॉइड. सगळं बरोबर आणि सगळं लांबचं. यातल्या एकानेही थिबा राजवाड्याचं नाव घेतलं नाही. पहिलीपासून सहलीला तिथे जाणारी ही मुलं. १८८५ साली इंग्रजांनी राज्य बळकावलेला ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत आणून ठेवला, तो १९१६ साली इथेच वारला, त्याची नात मराठी बोलत याच शहरात गरिबीत जगली. मुरूडच्या पाण्यात जंजिरा उभा आहे, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं राज्य तिथे १९४८ पर्यंत होतं. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, उतरले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली झाले. या किनाऱ्यावर परके चेहरे कायमच उतरत आलेत. पण निबंधात वंशभेद म्हटला की तो बोटीने किंवा विमानानेच यावा लागतो.

उरलेल्या आठांत पाच निबंध काळ्या-गोऱ्या रंगावरचे होते. बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर सावळ्या बहिणीने कोणत्या रंगाचा ड्रेस घालायचा, वगैरे. हे पाच चांगले होते. एक कोरा पेपर होता, नुसतं शीर्षक लिहिलेला. आणि दोन निबंध, ज्यांच्यामुळे हे सगळं लिहितोय.

निबंध १७

पहिलं वाक्य होतं: ‘माझ्या वडिलांचे नाव बहादूर नाही.’

ज्यांना इथली माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. रत्नागिरीच्या आंबा बागा आज नेपाळी माणसांवर चालतात. दसऱ्यानंतर ती येतात. मोहोराला फवारणी, वानरांपासून राखण, मार्चपासून झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) काढणी, पेट्या भरणं, रात्रीची गस्त. मिरकरवाड्यासारख्या बंदरांत होड्यांवर खलाशी म्हणूनही तीच दिसतात. बरेच जण पावसाआधी परत जातात. काही कुटुंबं बारमाही राहतात, बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, आणि त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून मराठीत शिकतात. हा मुलगा चार वर्षांचा असताना आला. आता सोळाचा आहे.

त्याने लिहिलं होतं की गावात वडिलांना सगळे बहादूर म्हणतात, त्यांच्या आधी जे होते त्यांनाही बहादूरच म्हणायचे, आणि त्याला स्वतःला ‘कांछा’. ‘कांछा म्हणजे सर्वात लहान मुलगा. मी सर्वात मोठा आहे.’ पुढे आठवीतला प्रसंग. एसटी स्टँडवर एका टपरीवाल्याचा मोबाईल हरवला. कोणीतरी म्हणालं, एक नेपाळी पोरगा इथे घुटमळत होता. याला धरलं, दप्तर उलटं केलं. डबा, वह्या, कंपास, सगळं फलाटावर. अर्ध्या तासाने मोबाईल टपरीतच, बिस्किटांच्या बरणीमागे सापडला. टपरीवाला हसला: ‘तुम्ही सगळे सारखेच दिसता रे, माझा काय दोष?’ आणि एक लिमलेटची गोळी दिली.

‘पहिल्यांदा राग आला नाही. पहिल्यांदा कान गरम झाले. मग पोटात थंड वाटले. मग मी बघितले की कोणी ओळखीचे आहे का, आणि ओळखीचे दोन जण होते, ते एसटीचा बोर्ड वाचत होते. तेव्हा राग आला. टपरीवाल्याचा नाही आला. बोर्ड वाचणाऱ्यांचा आला. गोळी मी खाल्ली, कारण भूक लागली होती. आजपर्यंत त्या गोळीचा राग येतो.’

शेवटाकडे एक ओळ: ‘शिमग्यात पालखी सगळ्यांच्या घरी जाते. मांगराला घर धरत नाहीत.’ निबंध तिथेच संपत नव्हता. पुढे अर्धं पान तक्रारीचं, जरा पसरट, एकच गोष्ट तीनदा सांगणारं होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर. ‘माझा आई’ दोन ठिकाणी.

निबंध ३१

हा एका बागायतदाराच्या मुलीचा. सुंदर अक्षर, नेटकी सुरुवात, योग्य जागी सुभाषित. तिच्या घरी बागेतल्या गड्यांसाठी कपबशी वेगळी असते, मागच्या पडवीच्या कोनाड्यात. एक दिवस तिने त्या कपातून चहा घेतला. आई ओरडली, आजी काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिला ‘आमच्या नेपाळ्याच्या’ मनात काय चालत असेल ते कळू लागलं, असं तिने लिहिलं होतं. त्याच्या डोळ्यांतली कृतज्ञता तिने वर्णन केली होती. निबंधात तो माणूस एक शब्दही बोलत नाही.

हे दोन्ही निबंध एकाच बागेतले आहेत का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. नाहीत. गाव छोटं असलं तरी इतकं छोटं नाही.

गुणपत्रक

शंभर गुण असे वाटलेले: विषयाची समज ३०, भावनिक बुद्धिमत्ता ३०, स्वानुभव २०, भाषा व मांडणी २०. नावांच्या जागी क्रमांक. परीक्षक तिघे: मराठीचा निवृत्त प्राध्यापक असलेला मी, रत्नागिरीतल्या एक समुपदेशक मॅडम, आणि पंचक्रोशीत ज्यांच्या शब्दाला मान आहे असे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मीही.

निबंध १७ ला मी दिले ८३, मॅडमनी ६८, गुरुजींनी ४४. सरासरी ६५, म्हणजे तिसरा क्रमांक. निबंध ३१ ला मी ५८, मॅडमनी ७६, गुरुजींनी ९१. सरासरी ७५. एकूण गुणांपेक्षा मला भावनिक बुद्धिमत्तेचा रकाना महत्त्वाचा वाटतो. निबंध १७ ला तिथे गुरुजींनी ३० पैकी ९ दिले होते आणि समासात लाल शाईने शेरा: ‘रागावर नियंत्रण नाही. क्षमाशीलता नाही.’ निबंध ३१ ला २८, शेरा: ‘उत्कृष्ट सहानुभूती.’

इथे या प्रकरणाचं मूळ आहे. भावनिक बुद्धिमत्ता ही कल्पना मानसशास्त्रात सालोव्हे आणि मेयर यांनी १९९० साली मांडली आणि १९९५ च्या गोलमन यांच्या पुस्तकाने ती घराघरांत, मुख्य म्हणजे कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत पोचली. सालोव्हे-मेयर यांनी पुढे तिची चार अंगं सांगितली: भावना ओळखणं, विचारासाठी तिचा उपयोग करणं, ती कशातून कशात बदलते ते समजणं, आणि तिचं व्यवस्थापन. व्यवस्थापन शेवटी येतं. आपल्याकडे येईपर्यंत चारातलं शेवटचं तेवढं उरलं आणि त्याचा अर्थ झाला ‘डोकं थंड ठेव’. गुरुजींनी तपासलं ते हेच. कान गरम होणं, पोटात थंड वाटणं, राग कोणावर आला आणि कोणावर आला नाही हे नेमकं सांगता येणं, गोळी खाल्ल्याची लाज तीन वर्षं तशीच असणं: भावना ओळखण्याचा याहून स्वच्छ नमुना त्या ४३ पेपरांत नव्हता. पण अपमान झालेल्याने आपण शांत राहिलो हे सिद्ध केल्याशिवाय त्याला गुण नाहीत, अशी ती मोजपट्टी झाली. टपरीवाल्याची भावनिक बुद्धिमत्ता कोणी मोजत नव्हतं. बोर्ड वाचणाऱ्यांची तर नाहीच.

‘सगळे सारखेच दिसता’ यावर मॅडमनी बैठकीत एक गोष्ट सांगितली ती मला नवी होती. आपल्या वंशगटाबाहेरचे चेहरे माणसाला कमी अचूक ओळखता येतात, हे १९६९ च्या मालपास आणि क्रॅव्हिट्झ यांच्या प्रयोगापासून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. डोळ्यांना सवय नसते म्हणून. म्हणजे टपरीवाला खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखरच सारखे दिसत होते. गुरुजी लगेच म्हणाले, ‘मग झालं तर! नैसर्गिक आहे.’ मॅडम म्हणाल्या, ‘गुरुजी, सवय नाही हे नैसर्गिक. खात्री नसताना दप्तर उलटं करणं नैसर्गिक नाही. आपल्या मुलाचं केलं असतं का त्याने?’ गुरुजी काही बोलले नाहीत. पण गुणही बदलले नाहीत.

त्यांचा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा होता. नेपाळी म्हणजे वंश नव्हे, ते आपल्यासारखेच, पशुपतिनाथाला मानणारे, मग हा विषयच कसा होईल? याचं उत्तर मी घरी जाऊन शोधलं. वंशभेद नष्ट करण्याचा १९६५ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो १९६८ साली मान्य केला. त्याच्या पहिल्याच कलमात वंशभेदाची व्याख्या आहे आणि त्यात वंशाबरोबर रंग, कूळ आणि राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ हेही शब्द आहेत. म्हणजे १७ नंबरचा मुलगा विषयात बसतो. सावळ्या बहिणीही बसतात. आणि गंमत म्हणजे ‘कूळ’ या शब्दामुळे वंशाचा दिवा लावून बसलेली ती अकरा मुलंही आम्ही समजलो तितकी भरकटलेली नव्हती. याच ‘कूळ’ शब्दात जात येते की नाही यावरून २००१ साली दर्बानच्या जागतिक परिषदेत आपल्या सरकारने हात आखडता घेतला होता. आमच्या मंडळाची सूचना पाहता सरकारला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता माझं. निबंध १७ ला भाषेचे मी २० पैकी १७ दिले होते. मॅडमनी १२. निकालानंतर पेपर पुन्हा वाचला तेव्हा १२ च बरोबर होते हे दिसलं. मराठी शिकवण्यात जन्म गेला, ‘माझा आई’ला १७ देणारा मी नव्हे. मी निबंधावर नाही, मुलावर खूश झालो होतो, आणि थोडी कीव केली होती. कीव हा शब्द लिहायला जड जातो, पण दुसरा नाही. ते पाच गुण काढले तर त्याची सरासरी ६३.३३ होते. चौथ्या क्रमांकाची सरासरी होती ६४. म्हणजे गुरुजींच्या ९ मुळे तो खाली गेला आणि माझ्या १७ मुळे वर आला, आणि तिसरा नंबर हा दोन चुकांच्या मधला होता. चौथ्या क्रमांकाची मुलगी, सावळ्या बहिणीवर लिहिणारी, हिला यातलं काही माहीत नाही. मी ही गोष्ट मंडळाच्या खजिनदारांना सांगितली. ते म्हणाले, ‘सर, सही झालेली आहे. आता नका.’ मी ऐकलं.

अधिवास

डिसेंबरात निकाल लागला, अर्ज भरून घेतले गेले. अर्जाच्या दुसऱ्या पानावर कागदपत्रांच्या यादीत होतं: ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. तहसीलमधून मिळतं ते. महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि नावातच आहे तसं राष्ट्रीयत्वही सिद्ध करावं लागतं. मुलाची इथली वर्षं १२. आणि पंधरा झाली तरी तो नेपाळचा नागरिक.

इथे काहींची समजूत असते की नेपाळी माणूस इथे ‘बेकायदा’ असतो. तसं नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारानुसार एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची मुभा आहे. त्याला व्हिसा लागत नाही. बागेत राबायला कागद लागत नाही. मांगरात बारा वर्षं राहायला लागत नाही. दहा हजारांना लागतो.

मंडळाच्या स्थानिक समितीने मार्ग काढला: शिष्यवृत्ती चौथ्या क्रमांकाला द्यावी आणि या मुलाला ‘विशेष प्रोत्साहनपर’ २,००१ रुपये, शाल, श्रीफळ. हेतू वाईट नव्हता. चौथीचा हक्क मला ठाऊक होता, त्यामुळे माझी अवस्था विचित्र झाली. गणिताने न्याय होत होता, कारणाने अन्याय. मी त्या बैठकीत बोललो नाही. बोलल्या मॅडम: ‘वंशभेदावर निबंध लिहायला लावून राष्ट्रीयत्वावरून बक्षीस काढून घेतो आहोत. उद्या कुणी विचारलं तर काय सांगणार?’

निरोप घेऊन समितीचे एक सदस्य मांगरावर गेले. वडील म्हणाले, ‘शेट, काय असेल ते द्या, पोराला शिकवा फक्त.’ मुलगा म्हणाला, शाल नको. पैसे घेतो, पण शाल नको. सदस्यांना हे उद्धट वाटलं. मला वाटतं, त्या गोळीनंतर त्याने केलेली ही पहिली दुरुस्ती होती. पण हा माझा अर्थ, त्याने तसं काही सांगितलेलं नाही.

गुंता सोडवला खजिनदारांनी, आणि तोही हिशेबी माणसाच्या पद्धतीने. त्यांनी मंडळाची जुनी इतिवृत्तं काढली. अधिवासाची अट कोणत्याही सभेत मंजूर झालेली नव्हती. काही वर्षांपूर्वी कोणीतरी सरकारी शिष्यवृत्तीचा छापील अर्ज समोर ठेवून आमचा अर्ज टाईप करून घेतला, त्याच्याबरोबर ती ओळही आली. इतकी वर्षं तिने कोणाला अडवलं नाही, म्हणून ती कोणाला दिसली नाही.

शिमग्याला चाकरमानी आले तेव्हा देवळाच्या सभामंडपात सभा झाली. अट काढावी या ठरावावर दोन तास गेले. ‘गावच्या मुलांचा पैसा’ हा शब्दप्रयोग बऱ्याचदा झाला. गावचा मुलगा म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. ज्याने पहिली ते दहावी इथल्या शाळेत काढली तो, की ज्याचं नाव मंडळाच्या वर्गणीच्या वहीत आहे आणि जो डोंबिवलीत वाढला तो? अखेर अट कायमची काढण्याचा निर्णय पुढच्या वार्षिक सभेवर गेला, आणि या एका प्रकरणात पहिल्या वर्षाची रक्कम कॉलेजकडे थेट फी म्हणून भरावी असं ठरलं. गुरुजींनी हात वर केला. कोणत्या बाजूने, हे मला अजून नीट कळलेलं नाही, कारण त्यांनी तो दोन्ही वेळा वर केला.

सभेनंतर निबंध ३१ ची मुलगी माझ्याकडे आली. ५८ तिला कुठून कळले कोण जाणे. ‘सर, मी खोटं लिहिलं नव्हतं.’ मी म्हटलं, खोटं नव्हतंच, घरचं असं लिहायला हिंमत लागते, आणि ती बाब मी गुणांत कमी धरली हे खरं. मग विचारलं, तुमच्याकडच्या त्या काकांचं नाव काय? ती थांबली. ‘बहादूर,’ म्हणाली, आणि लगेच, ‘नाही, थांबा. विचारून सांगते.’ दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. नाव होतं, आणि खाली: कप अजून कोनाड्यातच आहे, आईशी बोलणं चालू आहे.

दुसऱ्या वर्षाचा हप्ता जूनमध्ये आहे. वार्षिक सभा त्यानंतर, गणपतीत. खजिनदारांनी मुलाचा अर्ज फाईलला लावून ठेवलाय. मागे दाखवला तेव्हा अधिवास प्रमाणपत्राच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘लागू नाही.’